फाशी नको, तर मग काय? जन्मठेप आणि तिच्या आसपासचे पर्याय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न कट्ट्यावर, कायद्याच्या वर्गात आणि व्याख्यानानंतर चहा पिताना जसे विचारले जातात, तसेच घेतले आहेत. त्यांची धार मुद्दाम बोथट केलेली नाही. उत्तरं देणारा तटस्थ आहे असंही समजू नका. फाशी नसावी असं माझं मत आहे. पण ‘फाशी नको, मरेपर्यंत सडू द्या’ हा तोडगाही मला पटत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं.

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, मग सुटका. बरोबर ना?

नाही. हा गैरसमज इतका मुरलेला आहे की कधीकधी काळ्या कोटातली माणसंही तो बोलून दाखवतात. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. सर्वोच्च न्यायालयानं हे १९६१ मध्येच सांगितलं, तेही गोपाळ गोडसे यांच्या अर्जावर. गांधीहत्येच्या खटल्यात जन्मठेप झालेल्या गोडसे यांचं म्हणणं असं की, तुरुंगात मिळालेली माफी (म्हणजे शिक्षेत मिळणारी सूट) धरली तर आपली वीस वर्षं भरली, आता सोडा. न्यायालयानं सांगितलं की माफी द्यायची की नाही हे सरकार ठरवतं, आणि सरकारनं शिक्षा कमी केल्याशिवाय जन्मठेप आपोआप संपत नाही. पुढे १९६४ मध्ये सरकारनंच त्यांना सोडलं, तो भाग वेगळा.

चौदाचा आकडा आला १९७८ च्या दुरुस्तीतून. ज्या गुन्ह्याला फाशी होऊ शकते त्यात जन्मठेप झाली असेल, तर प्रत्यक्ष चौदा वर्षं आत काढल्याशिवाय माफीनं सोडता येणार नाही, असं तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेत घातलं गेलं. आता हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७५ मध्ये आहे. म्हणजे चौदा हा सरकारवर घातलेला निर्बंध आहे. कैद्याला दिलेलं वचन नाही.

आणि वीस वर्षं? तोही आकडा ऐकलाय.

तो फक्त हिशेबापुरता आहे. एखाद्या गुन्ह्याला ‘जन्मठेपेच्या निम्मी’ अशी शिक्षा असेल तर निम्मं कशाचं काढायचं, म्हणून कायदा वीस वर्षं धरतो. सुटकेशी त्याचा संबंध नाही.

मग चौदा वर्षांनंतर नेमकं होतं काय?

एक फाइल निघते. या विषयात सगळ्यात कमी बोललं जातं ते या फाइलबद्दल, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

बंदी (म्हणजे कैदी) त्या टप्प्याला आला की कारागृहातून प्रस्ताव तयार होतो. त्यात अधीक्षकांचा वर्तणुकीचा अहवाल असतो : आत भांडणं केली का, कोणतं काम शिकला, संचित रजेवर (म्हणजे फर्लोवर) किंवा अभिवचन रजेवर (म्हणजे पॅरोलवर) गेला तेव्हा ठरल्या दिवशी परत हजर झाला का. मग गुन्हा जिथं घडला तिथल्या पोलिसांचा अहवाल, जिल्हा प्रशासनाचं मत, शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचं मत, असं करत कागद गृह विभागापर्यंत जातात. महाराष्ट्रात गृह विभागाची १९९२ आणि २०१० ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. गुन्हा कोणत्या प्रकारचा, त्यात क्रौर्य किती, बळी कोण, यावरून बंद्याला एका प्रवर्गात टाकतात आणि त्या प्रवर्गाला ठरलेली वर्षं, माफी धरून, भरावी लागतात. काही प्रवर्गांत हा आकडा पंचवीसच्याही वर जातो.

कागदावर हे ठीकठाक दिसतं. अडचण अशी की माणूस सुधारला की नाही याचा शोध यात फारसा कुणी घेत नाही. ‘सदर बंद्यास सोडल्यास गावात तणाव निर्माण होण्याची शक्यता नाकारता येत नाही’ या धर्तीचं एक वाक्य कुणीतरी लिहितं आणि प्रस्ताव अडकतो. ज्या न्यायाधीशांचं मत मागवलं जातं त्यांनी पुष्कळदा खटला चालवलेलाच नसतो, कारण चालवणारे केव्हाच निवृत्त झालेले असतात. न्यायालयानं मत देताना कारणं दिलीच पाहिजेत, नुसता नकार चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावं लागलं.

फाशी नेमकी कधी देतात?

१९५५ पर्यंत खुनाला फाशी हाच नियम होता, आणि ती दिली नाही तर न्यायाधीशाला कारण लिहावं लागे. नंतर हे उलटं झालं. १९७३ च्या संहितेपासून जन्मठेप हा नियम आणि फाशी हा अपवाद ठरला, तोही विशेष कारणं लिहून. १९८० मध्ये बच्चन सिंग खटल्यात ‘दुर्मिळातले दुर्मिळ’ ही कसोटी आली. ती सगळ्यांना पाठ असते. तिच्यातलं अर्धं मात्र सोयीस्कर विसरलं जातं : गुन्हा कितीही भयानक असला, तरी हा माणूस सुधारण्याच्या पलीकडे गेला आहे हे सरकारनं पुराव्यानिशी दाखवायचं असतं. निव्वळ ‘समाजमन हादरलं’ एवढ्यावर भागत नाही.

प्रत्यक्षात वर्षानुवर्षं दोषी ठरवल्याच्याच दिवशी, किंवा एक-दोन दिवसांत, शिक्षेवर घाईनं युक्तिवाद उरकले गेले. आरोपीचं वय, घर, बालपण, मानसिक स्थिती यांची माहिती न्यायालयापुढं असायलाच हवी, असे निर्देश २०२२ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका खटल्यात आले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये नागपूरच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेलं. हे निर्देश पाळले गेले नसतील, तर कायम झालेल्या फाशीचाही शिक्षेपुरता फेरविचार मागता येईल, असं त्यानं ठरवलं.

फाशी आणि चौदा वर्षं यांच्या मधे काहीच नाही का?

आहे, आणि मुळात वाद त्यावरच व्हायला हवा.

२००८ मध्ये श्रद्धानंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढं हाच पेच होता. फाशी जास्त होते, आणि चौदा वर्षांत सुटू शकेल अशी जन्मठेप फारच तोकडी पडते. न्यायालयानं मधली वाट काढली : जन्मठेपच, पण माफी नाही. पुढे काही खटल्यांत वीस, पंचवीस, तीस अशा वर्षांच्या शिक्षा येऊ लागल्या, आणि तेवढी वर्षं माफीचा विषयच काढायचा नाही असं ठरू लागलं. २०१५ मध्ये राजीव गांधी हत्या खटल्याच्या निमित्तानं घटनापीठानं तीन विरुद्ध दोन मतांनी याला मान्यता दिली. अट एकच, अशी शिक्षा फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालयानं द्यायची, सत्र न्यायालयानं नाही.

पुण्याचं उदाहरण घ्या. २००७ मध्ये एका बीपीओ कंपनीत काम करणाऱ्या तरुणीवर बलात्कार करून तिचा खून झाला, दोघांना फाशी झाली, सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली, दयेचे अर्ज फेटाळले गेले. २०१९ मध्ये वॉरंट निघालं. पण मधे सरकारी टेबलांवर कागद विनाकारण पडून राहिले होते, म्हणून मुंबई उच्च न्यायालयानं फाशी रद्द करून ३५ वर्षांची शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयानं २०२४ च्या डिसेंबरमध्ये तीच ठेवली. अनेकांना हा निकाल म्हणजे ‘सुटले’ असं वाटलं. पस्तीस वर्षं आत काढलेल्या माणसाला तसं वाटेल का, हा हिशेब ज्याचा त्यानं करावा.

आणि मुदत संपल्यावर? २०२५ मध्ये दिल्लीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की न्यायालयानंच वीस वर्षं ठरवून दिली असतील, तर ती भरल्यावर पुन्हा माफीसाठी सरकारच्या दारात जावं लागत नाही. माणूस सुटतो.

मग झालं की. फाशीऐवजी ‘मरेपर्यंत, माफी नाही’ द्या आणि विषय संपवा.

फाशीच्या विरोधातले बरेच लोक इथंच येऊन थांबतात. मी थांबत नाही.

मुंबईतल्या शक्ती मिल सामूहिक बलात्कार प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये तिघांची फाशी रद्द केली. कारण दिलं ते असं की फाशी पश्चात्तापाची शक्यताच संपवते, या आरोपींनी पश्चात्ताप करत आयुष्य काढावं. आणि त्याच निकालात पॅरोल-फर्लोही नाही असं म्हटलं. आता, पश्चात्ताप झाला की नाही हे कधीच कुणी विचारणार नसेल, तर तो अपेक्षिण्यात अर्थ काय? बच्चन सिंगची कसोटी म्हणते की सुधारणेची शक्यता असेल तर फाशी नको. त्याच आधारावर फाशी टाळायची आणि लगेच सुधारणेचा दरवाजा कायमचा बंद करायचा, हे तर्कात बसत नाही.

व्यवहाराचीही बाजू आहे. बावीसाव्या वर्षी आत गेलेला माणूस आणि बासष्टाव्या वर्षीचा तोच माणूस धोकादायक असण्यात एकसारखे नसतात. तुरुंगातल्या शिपायांना विचारा, ज्याला गमावण्यासारखं काहीच उरलेलं नाही असा बंदी सांभाळणं सगळ्यात कठीण, हे ते सांगतील.

चुकून फाशी झाली असं खरंच घडतं का? की हे नुसतं घाबरवणं?

नाशिकचा खटला ऐका. २००३ मध्ये एका वस्तीवर दरोडा पडला, खून आणि बलात्कार झाले. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयानं तिघांची जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या तिघांनाही पुन्हा फाशीच सुनावली. पुढे फेरविचार याचिकेवर सगळं परत उघडलं आणि २०१९ च्या मार्चमध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदार बाईनं पोलिसांच्या अल्बममधून भलत्याच चौघांना ओळखलं होतं आणि तो धागा बाजूला टाकला गेला होता, हे दहा वर्षांनी कुणाच्या तरी नजरेत भरलं. दरम्यान सहांपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता हेही निघालं. राज्य सरकारनं प्रत्येकी पाच लाख रुपये द्यावेत असा आदेश झाला. एवढ्या वर्षांचे पाच लाख.

दुसरं प्रकरण पुण्याचं, १९९४ चं, सात जणांच्या हत्येचं. त्यातला फाशी झालेला एक आरोपी गुन्ह्याच्या वेळी जेमतेम साडेबारा वर्षांचा होता हे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं. अठ्ठावीस वर्षं तो आत होता. शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख इतकी वर्षं तशीच होती.

ही दोन्ही प्रकरणं आपल्याच राज्यातली आहेत आणि दोन्हींत माणसं जिवंत होती म्हणून चूक सुधारता आली. फाशीचे कैदी बहुतेक कोण असतात हेही पाहा. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठानं २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जवळजवळ तीन चतुर्थांश कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बल निघाले.

पण फाशीचा धाक तरी असतो ना?

धाक शिक्षेच्या कडकपणापेक्षा पकडलं जाण्याच्या खात्रीचा असतो, असं या क्षेत्रातले अभ्यासक फार पूर्वीपासून सांगत आले आहेत. आपल्याकडचा एक दाखला बोलका आहे : त्रावणकोर संस्थानानं १९४४ मध्ये फाशी बंद केली आणि १९५० च्या सुमारास भारतीय दंड संहिता लागू झाल्यावर ती परत आली. दोन्ही काळांतल्या खुनांच्या संख्येत म्हणावा असा फरक पडला नाही.

आणि आकडे पाहायचेच तर, २००० नंतर आजवर देशात फाशी झालेल्यांची संख्या दोन हातांच्या बोटांवर मोजता येते : २००४ मध्ये कोलकात्यात एक, २०१२ मध्ये येरवड्यात कसाब, २०१३ मध्ये तिहारमध्ये अफझल गुरू, २०१५ मध्ये नागपुरात याकूब मेमन, आणि २०२० मध्ये निर्भया प्रकरणातले चौघे. फाशी सुनावलेले पाचशेहून अधिक जण मात्र आत आहेत. या प्रतीक्षेलाच शिक्षा म्हणायची वेळ आली आहे. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोघी बहिणींची फाशी २०२२ मध्ये रद्द झाली तीही दयेच्या अर्जावर सरकारनं लावलेल्या जवळपास आठ वर्षांच्या विलंबामुळं. म्हणजे कुणाला फाशी होणार आणि कुणाला नाही, हे फाइल कुठल्या टेबलावर किती अडकली यावर ठरतं.

जगात इतरत्र काय करतात?

नॉर्वेत नेहमीच्या गुन्ह्यांना कमाल २१ वर्षं, पण माणूस अजून धोकादायक असेल तर न्यायालय दर वेळी पाच वर्षांपर्यंत मुदत वाढवू शकतं. जर्मनीत घटना न्यायालयानं १९७७ मध्ये सांगितलं की जन्मठेप घटनेत बसते, पण कधीतरी बाहेर येण्याची खरीखुरी आशा असली तरच. तिथं पंधरा वर्षांनी प्रकरण तपासलं जातं. ब्रिटनमध्ये न्यायाधीश आधी किमान वर्षं ठरवतो, त्यानंतर पॅरोल मंडळ बघतं, आणि सुटल्यावरही माणूस जन्मभर अटींवर असतो. युरोपच्या मानवाधिकार न्यायालयानं २०१३ मध्ये म्हटलं की ज्या जन्मठेपेला आढाव्याची सोयच नाही ती अमानुष ठरते.

पोर्तुगालचं उदाहरण मला मुद्दाम द्यावंसं वाटतं, कारण ते आपल्या शेजारी घडलं आहे. पोर्तुगालनं साध्या गुन्ह्यांची फाशी १८६७ मध्ये आणि जन्मठेप १८८४ मध्ये रद्द केली. वसाहतींतही फाशी १८७० मध्ये गेली. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, भारतीय कायदे आले, आणि त्यांच्यासोबत फाशीही आली. पोर्तुगीज राजवटीबद्दल चांगलं बोलायची हौस नाही, पण गोव्यातल्या एखाद्या आजोबांनी ‘आमच्या काळी फाशी नव्हती’ म्हटलं तर ते स्मरणरंजन समजू नये.

आमच्या कराच्या पैशानं त्यांना आयुष्यभर पोसायचं?

फाशीसुद्धा फुकट नसते. सत्र न्यायालय, उच्च न्यायालयाची सक्तीची पुष्टी, सर्वोच्च न्यायालय, फेरविचार, दयेचा अर्ज, पुन्हा त्यावर याचिका, आणि या सगळ्या काळात कडक बंदोबस्तातली कोठडी. खर्चाचाच मुद्दा असेल तर खुल्या कारागृहाकडे बघा. तिथं भिंती नसतात, बंदी शेती करतात, काम करतात, पहारा नाममात्र असतो. पैठणला आहे, येरवड्याला आहे.

आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर तर याहून जुनं. औंध संस्थानानं १९३९ मध्ये, पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेतून, खुनासारख्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांना माळरानावर जमीन कसायला दिली आणि बायकापोरांसह राहू दिलं. संस्थान विलीन झालं तरी वसाहत टिकली, आज ती कारागृह विभागाकडे आहे. फाशीला पर्याय शोधायला नॉर्वेपर्यंत जायची गरज नाही, सांगली जिल्ह्यात जाऊन येता येईल. अर्थात प्रत्येक बंदी तिथं पाठवण्यासारखा नसतो. काही वर्षं बंद कारागृहात नीट वागलेल्यालाच तिथं घेतात, आणि ते योग्यच आहे.

नव्या कायद्यातली ‘समाजसेवा’ ही शिक्षा पर्याय नाही का?

नाही. भारतीय न्याय संहितेत ती आली आहे ती किरकोळ गुन्ह्यांसाठी : पाच हजारांच्या आतली पहिली चोरी, दारू पिऊन गोंधळ घालणं, बदनामी वगैरे. खुनाच्या चर्चेत तिचा विषय नको.

आणि ज्यांचं माणूस गेलं त्यांचं काय? त्यांना कोण विचारतं?

फार कमी विचारतात, आणि ही तक्रार शंभर टक्के खरी आहे. फाशीच्या विरोधात बोलणारे इथं गुळमुळीत होतात, ते मला आवडत नाही.

कायद्यात नुकसानभरपाई योजना आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा असतो. महाराष्ट्रात बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांसाठी २ ऑक्टोबर २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. पण खटला पंधरा वर्षं चालतो, तारखेला येण्यासाठी मजुरी बुडते, सरकारी वकील बदलत राहतात आणि आरोपी रजेवर गावात आल्याचं कधीकधी शेजाऱ्यांकडून कळतं. या सगळ्याला फाशी हे उत्तर नाही, पण ‘फाशी नको’ हेही उत्तर नाही. माफीच्या फाइलमध्ये पीडित कुटुंबाचं म्हणणं लेखी घेतलंच पाहिजे, निर्णय त्यांना आधी कळलाच पाहिजे आणि बंद्याच्या मजुरीतला ठरलेला वाटा त्यांच्याकडे गेला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानं १९९८ मध्येच मजुरीतून असा वाटा काढण्याचा कायदा करायला सुचवलं होतं. शेवटचा हक्क मात्र त्यांच्या हाती देऊ नये. सूड घेण्याचा भार कुटुंबावर टाकणं हा त्यांच्यावरच अन्याय आहे.

सरकारच्या हातात माफी दिली की राजकारण होतं. बिल्किस बानो प्रकरण विसरलात?

विसरलो नाही. म्हणूनच आढावा निव्वळ मंत्रालयाच्या मर्जीवर ठेवू नये असं म्हणतो. २००२ च्या गुजरात दंगलीतल्या सामूहिक बलात्कार आणि हत्यांच्या त्या खटल्यात मुंबईच्या विशेष न्यायालयानं शिक्षा दिली होती. गुजरात सरकारनं १५ ऑगस्ट २०२२ ला अकरा जणांना सोडलं, बाहेर हारतुरे झाले, आणि ८ जानेवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं ती सुटका रद्द केली, कारण निर्णयाचा अधिकारच गुजरातचा नव्हता, महाराष्ट्राचा होता. ढिसाळ माफी आणि सरसकट माफीबंदी हे एकाच रोगाचे दोन प्रकार आहेत. दोन्हींत माणसाकडे कुणी पाहत नाही.

तुमचं म्हणणं एका दमात सांगा.

फाशी रद्द करावी. गंभीर खुनांना न्यायालयानं किमान वर्षं ठरवून द्यावीत, पंचवीस म्हणा, काही बाबतीत तीस. ती संपल्यावर न्यायाधीश, मानसतज्ज्ञ आणि कारागृहाचा अनुभव असलेली माणसं असलेल्या मंडळापुढं सुनावणी व्हावी, बंद्याला वकील मिळावा, पीडित कुटुंबाला बोलता यावं, निर्णय कारणांसह लेखी असावा. नकार आला तर ठरावीक काळानं पुन्हा सुनावणी. ज्यांच्यापासून खरंच धोका आहे ते आतच राहतील, काही मरेपर्यंतही राहतील, पण ते पहिल्याच दिवशी ठरलेलं नसेल.

दहशतवाद्यांनाही?

इथं माझ्या बाजूचे लोकही फुटतात. न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगानं २०१५ च्या अहवालात फाशी रद्द करायची शिफारस केली, पण दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध हे गुन्हे वगळून. मला तो अपवाद राजकीय तडजोड वाटतो. चुकीचा तपास, दबावाखालचे जबाब, जनक्षोभ या सगळ्याची शक्यता याच खटल्यांत सर्वाधिक असते.

असं बोलणं आपल्या परंपरेत बसतं का? की हे सगळं बाहेरून आलेलं?

३ जून १९४९ ला संविधान सभेत फाशीच्या शिक्षेविरुद्ध अपील करण्याच्या हक्कावर चर्चा चालू होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणाले की अपिलाच्या तरतुदीपेक्षा फाशीच रद्द करण्याला आपण पाठिंबा देऊ. हा देश अहिंसेला मानत आला आहे, प्रत्यक्षात सगळे तसे वागत नसले तरी, त्यामुळं फाशी रद्द करणंच योग्य, अशी त्यांची मांडणी होती. संविधान सभेनं तसं केलं नाही आणि निर्णय संसदेवर सोडला.